‘शत्रूवर प्रीती करा’ असं मानणारे ख्रिस्ती लोक शहीद जवानांचा सन्मान कसा करतात?

येशूने शत्रूवर प्रीती करायला सांगितलं, मग लढता लढता मेलेल्या सैनिकापुढे ख्रिस्ती माणूस कृतज्ञतेने कसा उभा राहतो, असं तुम्ही विचारलंय. मी पुण्यातली मराठी ख्रिस्ती आहे आणि हा प्रश्न मलाही पडलेला आहे.

मला उत्तर मिळालं बायबलच्या जुन्या करारात, 2 शमुवेल या पुस्तकाच्या 23व्या अध्यायात. इस्राएलचा राजा दावीद अदुल्लामच्या गुहेत, आणि त्याचं गाव बेथलेहेम पलिष्टी या शत्रूंच्या ताब्यात. वेशीजवळच्या विहिरीचं पाणी कोणी पाजेल का, असं तो बोलून जातो. त्याचे तीन वीर शत्रूच्या छावणीतून वाट काढून ते पाणी आणतात. दावीद ते पीत नाही. जिवावर उदार होऊन गेलेल्यांचं हे रक्त आहे, असं म्हणून परमेश्वरापुढे ओततो. लहानपणी मला याचा रागच यायचा. एवढं जिवावर बेतून आणलेलं पाणी मातीत घातलं! आता वाटतं, नुसती आपली तहान भागवायला ते फार मोलाचं आहे, हे त्याला कळलं होतं. स्वातंत्र्य माझ्या हातात तसंच आलंय.

लान्सनायक आल्बर्ट एक्का, परमवीरचक्र. आजच्या झारखंडमधल्या गुमला भागातले आदिवासी ख्रिस्ती. डिसेंबर 1971, आगरतळ्याजवळ सीमेपलीकडे गंगासागर. शत्रूची मशीनगन साथीदारांना टिपतेय हे पाहून ते बंकरवर तुटून पडले आणि संगिनीने दोघांना मारून ती बंद पाडली. जखमी झाले, तरी थांबले नाहीत. दुमजली इमारतीतून दुसरी मशीनगन सुरू झाली, तीही त्यांनीच गप्प केली आणि तिथेच प्राण सोडला. वय 28.

माणसं मारली गेली, हे मी झाकत नाही. त्या दोघांनाही आया होत्या आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करणं हाही आमच्या श्रद्धेचाच भाग आहे. आम्ही मान देतो तो मारण्याला नव्हे, दुसऱ्यांवरची गोळी स्वतःवर घेण्याला. मित्रांसाठी जीव देण्याहून मोठी प्रीती नाही, हे येशूचेच शब्द (योहान 15:13). लूकच्या 3ऱ्या अध्यायात शिपाई बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला विचारतात, आम्ही काय करावं? तो नोकरी सोडा म्हणत नाही. कुणाला लुबाडू नका, पगारात समाधान माना, एवढंच सांगतो. मात्र सैनिकाचं मरण आणि ख्रिस्ताचं मरण एका तराजूत घालणं मला पटत नाही. तारण क्रुसावरच झालं.

प्रत्यक्षात काय करतो? कॅथलिक मंडळी 2 नोव्हेंबरला मृतांसाठी मिस्सा, म्हणजे त्यांची मुख्य उपासना, अर्पण करतात. आम्ही प्रोटेस्टंट त्यांच्या जीवनाबद्दल देवाचे उपकार मानतो आणि घरच्यांसाठी प्रार्थना करतो. खडकीच्या युद्ध स्मशानभूमीत दुसऱ्या महायुद्धातल्या 1,600 हून अधिक सैनिकांच्या कबरी आहेत. पहिल्या महायुद्धातल्या 1,800 हून अधिक जणांची नावं तिथल्या स्मारकावर कोरलेली आहेत. मी जाते तेव्हा एकाच रांगेतली नावं सावकाश वाचते, पुढे घाई करत नाही.

ही सवय आमच्या मंडळीतल्या एका मावशींमुळे लागली. त्यांचे यजमान सीमेवर शहीद झाले. दर 15 ऑगस्टला ‘देशासाठी प्राण देणाऱ्या सर्वांसाठी’ अशी एका दमात प्रार्थना व्हायची. एका वर्षी त्या उपासनेनंतर पाळकांजवळ गेल्या आणि एवढंच म्हणाल्या, “नाव घ्या हो त्यांचं.” तेव्हापासून आम्ही नाव घेतो.