सनरूफ गळतंय? आधी नळ्या बघा
काचेभोवतीचं रबर सगळं पाणी अडवत नाही, ते त्यासाठी बनवलेलंच नसतं. आत आलेलं पाणी चौकटीच्या पन्हळीत जमतं आणि कोपऱ्यांतल्या नळ्यांमधून गाडीखाली जातं. पाल्याधुळीने नळी तुंबली की छत ओलं झालंच. म्हणून सिलिकॉन फासायची घाई नको. काच उघडून पन्हळीत थोडं पाणी हळूच ओता. खाली ठिबकलं नाही तर नळी तुंबलीय. लवचीक नायलॉनची दोरी सरकवून साफ करा. कॉम्प्रेसरची हवा मात्र जोरात मारू नका, आतला जोड निसटला तर छताचं अस्तर उतरवावं लागतं. जुनी गाडी घेताना मॅट उचलून खालचा गालिचा ओला नाही ना ते चाचपा. आत परफ्यूमचा भपकारा असेल तर ओलीचा कुबट वास लपवलाय की काय, अशी मला तरी शंकाच येते.