चौघी निघताय, तर आधी हे बोलून घ्या
हिमालयात आठ दिवस चालायला निघताय, मनापासून आनंद झाला. पण तिकिटं काढण्याआधी एकत्र बसा. पैसे किती, वेग कुणाचा, परत कधी फिरायचं, सगळं स्पष्ट बोला. सर्वांत हळू चालणारी पुढे राहील आणि एकीला त्रास झाला तर दुसरी तिच्यासोबत उतरेल, हे इंदूरातच ठरवा. वर थकल्यावर जुन्या मैत्रिणीही एकमेकींवर खेकसतात.

आपलं इंदूर जेमतेम ५५० मीटरवर, म्हणून अंगाला उंचीची सवय नाही. ३००० मीटरच्या वर मुक्काम आदल्या रात्रीपेक्षा ५०० मीटरहून जास्त उंच नको, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती. डोकं दुखून मळमळायला लागलं तर आणखी चढायचं नाही. तोल जाऊ लागला तर लगेच खाली, सकाळची वाट बघायची नाही. संकोचापोटी त्रास लपवू नका गं, फार कळकळीने सांगते.

सरावाला महूजवळचा जानापाव डोंगर चांगला, चंबळचा उगम तिथलाच. दर रविवारी जा, पाठीवर पूर्ण भरलेली सॅक घेऊनच. नवे बूट तिथेच रुळवा. सुती मोजे मात्र नकोत. घामाने ओले राहतात नि फोड येतात.