वाचकांचे प्रश्न : जुनी बंकरे आणि युद्धकालीन वस्तूंचा संग्रह

प्रश्न : मला ब्रिटिशकालीन बंकरे पाहण्याचा आणि सैनिकी वस्तू जमवण्याचा छंद आहे. अलीकडे ओहोटीच्या वेळी शिवडीच्या चिखलात वीतभर लांबीचा, गंजलेला, बुडाशी तांब्याची पट्टी असलेला गोळा मिळाला. तो मी घरी आणून गॅलरीत ठेवला आहे. तो साफ करून संग्रहात ठेवावा का? छंद पुढे कसा वाढवावा?
– एक वाचक, परळ

उत्तर : आधी गोळ्याविषयी. त्याला पुन्हा हात लावू नका, गॅलरीत कोणाला जाऊ देऊ नका आणि हे वाचून होताच ११२ वर कळवा. पुढचे काम बॉम्बशोधक व नाशक पथकाचे आहे. त्या तांब्याच्या पट्टीवर तिरक्या खाचा असतील तर गोळा तोफेतून सुटलेला आहे, पट्टी गुळगुळीत असेल तर तो कधी डागलाच गेलेला नाही; मात्र दोन्ही प्रकारांत आतली दारू शाबूत असू शकते, म्हणून ही पारख आपण दुरूनही करत बसू नये. जुन्या ब्रिटिश गोळ्यांत पिक्रिक आम्ल भरलेले असे आणि धातूशी संयोग होऊन त्याचे जे क्षार बनतात, ते नुसत्या घर्षणानेही पेटू शकतात. मुंबईच्या बंदरात तर विशेष सावध राहायला हवे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला, तेव्हा त्यावर सुमारे १,४०० टन स्फोटके होती; त्यातला न फुटलेला माल अजूनही चिखलात असू शकतो. शिवाय जिवंत दारूगोळा विनापरवाना बाळगणे हा गुन्हा आहे, हौस हे त्याला उत्तर होत नाही.

बंकरांचे म्हणाल तर मलबार हिलवरील राजभवनाखाली २०१६ मध्ये सापडलेले बंकर आपण अवश्य पाहावे. सुमारे १५० मीटर लांबीच्या त्या भुयारात १३ खोल्या आहेत आणि शेल स्टोअर, कार्ट्रिज स्टोअर, शेल लिफ्ट अशी त्यांची नावे आहेत. गोळे एकीकडे, दारू दुसरीकडे आणि वरच्या तोफेपर्यंत माल चढवायला उचलयंत्र, ही सगळी व्यवस्था त्या नावांतूनच कळते. कोणी एखादी पाटी उचलून घरी नेली असती तर हे वाचता आले नसते. घारापुरीला लेणी पाहून बहुतेक लोक परततात, पण वरच्या टेकडीवरील दोन तोफा आणि त्यांच्याखालच्या खोल्या आपल्या छंदाच्या दृष्टीने अधिक मोलाच्या आहेत. (लेणी सोमवारी बंद असतात.) बेवारस, बंद भुयारात मात्र शिरू नये. गंजणारे लोखंड हवेतला प्राणवायू खात असते आणि तो कमी झाल्याचे माणसाला चटकन जाणवत नाही.

संग्रहासाठी जमीन उकरू नका. जमिनीत सापडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवण्याचे बंधन १८७८ च्या कायद्याने घातले आहे, तर शंभर वर्षांहून जुन्या वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतात. बिल्ले, गणवेशाची बटणे, पत्रे आणि पदके यांपासून सुरुवात करावी. चोरबाजारातील चकचकीत पितळी होकायंत्रे बहुधा नवीच असतात, तेथे घासाघीस करण्यापेक्षा पदके पाहावीत. पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश वॉर मेडलच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते आणि त्यावरून कागदपत्रांत त्याचा माग काढता येतो. कड घासून नाव पुसलेले पदक विक्रेता स्वस्तात देऊ लागला, तरी ते घेऊ नये.