जगातील सर्व वृक्षबेडूक एकाच कुळातले असतात का?

नाही. 'वृक्षबेडूक' हे नाव नात्यापेक्षा राहणीवरून पडले आहे. अमेरिका खंडांत व ऑस्ट्रेलियात प्रामुख्याने हायलिडी गटातले, तर आशियात बहुतांशी रॅकोफोरिडी कुळातले वृक्षबेडूक आढळतात. बोटांच्या टोकांना असलेल्या चिकट गाद्या या दोन्ही शाखांत स्वतंत्रपणे विकसित झाल्या आहेत.

खरी विविधता दिसते ती अंडी घालण्याच्या पद्धतींत. पश्चिम घाटातील मलबारी उडता बेडूक (आंबोलीत पावसाळ्यात तो सहज दिसतो) पाण्यावर झुकलेल्या फांदीवर घरटे करतो. मादी शरीरातून स्रवलेला द्रव मागच्या पायांनी घुसळून त्याचा पांढरा फेस करते, त्यात अंडी घालते आणि काही दिवसांनी घरटे पावसाने विरघळू लागले की त्यातले बेडूकमासे (बेडकाची शेपटीवाली पिल्ले) टपटप खालच्या पाण्यात पडतात. मध्य अमेरिकेतील लाल डोळ्यांचा वृक्षबेडूकही पाण्यावरच्या पानांवर अंडी घालतो, पण फेसाशिवाय. सापाने अंड्यांचा पुंजका ओढताच त्या हादऱ्यांनी आतील बेडूकमासे मुदतीआधीच बाहेर पडून पाण्यात उडी घेतात, हे मला या साऱ्यांत सर्वांत थक्क करणारे वाटते.

हवामानाशी जुळवून घेण्याच्या तऱ्हाही तितक्याच निराळ्या आहेत. दक्षिण अमेरिकेतील कोरड्या ग्रान चाको प्रदेशातला एक बेडूक त्वचेतून मेण स्रवून ते पायांनी अंगभर चोपडतो आणि पाण्याचा ऱ्हास रोखतो, तर उत्तर अमेरिकेतला करडा वृक्षबेडूक हिवाळ्यात अंशतः गोठूनही जिवंत राहतो, कारण त्याच्या शरीरातील ग्लिसरॉल पेशींचे रक्षण करते.