बाळ सांभाळणाऱ्या मावशींना उशिराचे जादा पैसे किती द्यावेत?

सहाला सुटणाऱ्या मावशींना आठवड्यातून दोनतीनदा साडेसात वाजतात, म्हणता. मग पैसे द्यायलाच हवेत. 'घरच्यासारख्या आहेत' म्हणून फुकट थांबवून घ्यायचं नाही. महिना 10,000, दिवस 26, रोज 8 तास धरले तर तासाला साधारण 48 रुपये पडतात. कारखान्यात जादा तासाला दुप्पट मिळतात, तोच दर समोर ठेवून बोला. घरेलू कामगारांसाठी राज्याचा 2008 चा कायदा आहे, पण तो कल्याण मंडळाचा, जादा तासांच्या दराचा नाही. म्हणून तो दर तुम्ही आणि मावशींनी बसूनच ठरवायचा.

तुमच्या रत्नागिरीत खरी पंचाईत मावशींच्या परतीची. पावस गावाकडची एसटी चुकली, वर जुलैचा पाऊस, की रिक्षावाला सांगेल तो आकडा! ते भाडं तुमचं, जादा पैशांतून कापू नका. आणि उशीर होणार असेल तर चारलाच फोन करा. त्यांनाही घरी कळवायचं असतं.