नाक दाबण्याआधी शंका हवी
स्वप्न चालू असतानाच ‘हे स्वप्न आहे’ असे भान यावे, म्हणून दिवसातून वीस वेळा नाक दाबून श्वास घेऊन पाहता आणि तरीही स्वप्नात एकदाही भान आले नाही, असे तुम्ही म्हणता. माझ्या मते चूक संख्येत नसून घाईत आहे. रिॲलिटी चेक (आपण जागे आहोत की स्वप्नात, हे पाहण्याची ही चाचणी; दाबलेल्या नाकातून श्वास जागेपणी जात नाही, स्वप्नात जातो) यंत्रवत केला, तर स्वप्नातही तो तसाच उरकला जातो आणि बंद नाकातून श्वास आत गेला तरी मन ते खपवून घेते. म्हणून बोटे नाकाशी नेण्यापूर्वी क्षणभर थांबून, आपण येथे कसे आलो, दहा मिनिटांपूर्वी कोठे होतो, हे प्रामाणिकपणे आठवून पाहावे. जर्मन मानसशास्त्रज्ञ पॉल थोले यांचाही भर ‘मी जागा आहे की स्वप्नात?’ हा प्रश्न दिवसभर गांभीर्याने विचारण्यावरच होता.

उशाशी स्वप्ने टिपण्याची वही मात्र हवीच. माझ्या वहीत शाळेचा जिना पुनःपुन्हा येई, म्हणून मी प्रत्येक जिन्याच्या पहिल्या पायरीवर तपासणी करू लागलो. एके पहाटे त्याच जिन्यावर नाक घट्ट दाबलेले असताना थंड हवा सरळ छातीत उतरली. त्या आनंदाने अनेकांना लगेच जाग येते, तशी मलाही आली. तुम्ही त्या क्षणी शांत राहून, स्वप्न टिकावे म्हणून स्वप्नातच तळहात एकमेकांवर चोळत राहा.