आठ वर्षांच्या मुलाला हॉजकिन लिम्फोमा कसा?
इंदूरहून आपण विचारले आहे की, हॉजकिन लिम्फोमा हा लसिका ग्रंथींचा कर्करोग विशीत किंवा पंचावन्नीनंतर होतो असे वाचले असताना आपल्या आठ वर्षांच्या पुतण्याला तो कसा झाला. वयाची ती दोन शिखरे मुख्यतः पाश्चात्त्य देशांतली आहेत. भारतात दहा वर्षांखालील मुलांमध्ये, विशेषतः मुलग्यांमध्ये, हॉजकिन तुलनेने अधिक आढळतो आणि लहानपणीच होणारा एपस्टीन-बार विषाणूचा संसर्ग हे त्यामागचे एक कारण मानले जाते. हाच विषाणू मलेरियाग्रस्त विषुववृत्तीय आफ्रिकेत मुलांच्या जबड्यात वाढणाऱ्या बर्किट लिम्फोमाशीही निगडित आहे. आपल्याकडे मात्र मानेतली रबरासारखी, न दुखणारी गाठ बायोप्सीविनाच, म्हणजे तिचा तुकडा काढून न तपासताच, क्षयाची ठरवली जाते आणि महिने वाया जातात. योग्य उपचारांनी मुलांमधला हॉजकिन बहुतांशी बरा होतो.